दहा किलो गंधक आणि चार एकर चोपण : पूर्णेच्या खोऱ्यातील एका वावराचे प्रकरण

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात काळी माती खोल आहे, पाऊस बेताचा आहे आणि जमिनीखालचे पाणी खारट आहे. येथील मातीतील चिकण कणांना कॅल्शियमबरोबरच सोडियमही चिकटलेला असतो, आणि त्याचे प्रमाण वाढले की जमीन चोपण होते, म्हणजे ओली असताना लोण्यासारखी चिकट आणि वाळल्यावर फणाला दाद न देणारी. या पट्ट्यात गंधक वारंवार सुचवले जाते. ते कोणत्या रूपात आणि कोणत्या कामासाठी द्यायचे, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. दर्यापूर तालुक्यातील एका कास्तकाराच्या चार एकर वावराचे प्रकरण येथे सविस्तर मांडतो, कारण गंधकाचे रसायनशास्त्र आणि शेतातील निर्णय यांचा संबंध त्यात अगदी आकड्यांनिशी दिसतो.

या वावरात खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा असा क्रम बरीच वर्षे चालू होता. पेरणीच्या वेळी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) आणि नंतर थोडा युरिया एवढेच खत दिले जात असे. सोयाबीन गुडघ्याएवढे झाले की शेंड्याकडील पाने फिकट पिवळी पडत. हरभऱ्याच्या वेळी जमिनीला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, येण्यात इतका उशीर होई की पेरणीची वेळ निघून जाई, आणि वाफसा आला तरी तो दोन-तीन दिवसांत संपून ढेकळे दगडासारखी होत. गावाजवळच्या कृषी सेवा केंद्रातून कास्तकाराला बेंटोनाइट गंधकाची दहा किलोची पिशवी एकरी एक याप्रमाणे देण्यात आली आणि त्याने जमिनीचा सामू (पीएच) उतरेल, चोपणपणा जाईल, पीकही हिरवे होईल असे सांगण्यात आले. हंगाम संपला तेव्हा ते माती परीक्षणाचा अहवाल घेऊन सल्ल्यासाठी आले. त्यांचे पहिलेच वाक्य होते, "गंधक त टाकलं जी, पण वावर काही सुधरलं नाही."

अहवालात वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचा सामू ८.७ होता आणि विद्युतवाहकता ०.६ डेसीसायमन प्रति मीटर होती. मुक्त चुना दहा टक्के, सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के, धनायन विनिमय क्षमता (माती धरून ठेवू शकते त्या धनभारी आयनांचे एकूण माप) ५० सेंटिमोल प्रति किलो, विनिमययोग्य सोडियम (त्या क्षमतेतील सोडियमचा वाटा) १४ टक्के आणि उपलब्ध गंधक ८ मिलिग्रॅम प्रति किलो असे बाकीचे आकडे होते. विद्युतवाहकता कमी असल्यामुळे विरघळलेल्या क्षारांचा प्रश्न येथे मोठा नव्हता. प्रश्न कणांना चिकटून बसलेल्या सोडियमचा होता. पाठ्यपुस्तकांत चोपण जमिनीची सीमा विनिमययोग्य सोडियम १५ टक्के अशी दिलेली असते आणि त्या हिशेबाने हे वावर अजून सीमेच्या आत होते. परंतु विदर्भातील काळ्या मातीत फुगणाऱ्या चिकण खनिजांचे प्रमाण इतके असते की १५ टक्क्यांच्या बरेच आधी तिची पाणी झिरपवण्याची शक्ती घटते. पूर्णा खोऱ्यातील मातीवर झालेल्या अभ्यासांतूनही हेच दिसले आहे. म्हणून १४ टक्के हा आकडा मी धोक्याचाच मानला.

शेतावर गेल्यावर सर्वांत आधी एक साधी चाचणी केली. पावसाचे साठवलेले पाणी दोन काचेच्या पेल्यांत घेतले आणि दोन्हींत याच वावरातील वाळलेल्या मातीचा बोराएवढा खडा अलगद सोडला. त्यातील एका पेल्यात आधीच चिमूटभर जिप्सम, म्हणजे खनिज रूपातील कॅल्शियम सल्फेट, विरघळवलेले होते. साध्या पाण्यातील खडा थोड्याच वेळात ढासळला, त्याच्याभोवती दुधाळ वलय पसरत गेले आणि तासाभराने सगळा पेला गढूळ झाला. जिप्समच्या पाण्यातील खडाही फुटला, पण त्याचे तुकडे तळाशी बसून राहिले आणि वरचे पाणी नितळ राहिले. सोडियमच्या आयनावर एकच धनभार असतो आणि त्याभोवती पाण्याचे रेणू मोठ्या संख्येने गोळा होतात, त्यामुळे चिकण कण एकमेकांपासून दूर सरून पाण्यात तरंगू लागतात. कॅल्शियमवर दोन धनभार असल्याने तो त्याच कणांना जवळ धरून ठेवतो. तरंगणारे कण पावसात वाहत जाऊन मातीतील बारीक पोकळ्यांत अडकतात, आणि वाफसा न येण्याचे व वाळल्यावर ढेकळे कडक होण्याचे मूळ तेथे असते. कास्तकाराने दोन्ही पेले स्वतः उचलून उजेडात धरले, आणि पुढील हिशेब समजावणे त्यानंतर सोपे गेले.

दहा किलोचा हिशेब

पिशवीतील पिवळ्या गोळ्या म्हणजे मूलद्रव्य गंधक असते, नव्वद टक्के, आणि उरलेले बेंटोनाइट, म्हणजे ओलाव्याने फुगणारी चिकणमाती. मूलद्रव्य गंधकात आठ अणूंची वलये असतात. ते पाण्यात विरघळत नाही, ११५ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते आणि पेटवल्यास निळसर ज्योतीने जळून सल्फर डायऑक्साइड हा घशाला झोंबणारा वायू देते. पिकाचे मूळ मूलद्रव्य गंधक घेऊ शकत नाही. मुळाला लागतो सल्फेट आयन, म्हणजे गंधकाचे पूर्ण ऑक्सिडीकरण झालेले रूप. हे रूपांतर मातीतील जिवाणू करतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध जिवाणू सेलमन वॅक्समन आणि जेकब जोफ यांनी १९२२ मध्ये वर्णिला आणि त्याला थायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स असे नाव दिले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते हेच वॅक्समन. हे जिवाणू गंधक, प्राणवायू आणि पाणी यांपासून सल्फ्युरिक आम्ल तयार करतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. त्यासाठी ऊब, ओलावा आणि हवा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. गोळी आधी फुगून फुटली पाहिजे, कण बारीक झाले पाहिजेत आणि जिवाणूंची संख्या वाढली पाहिजे, म्हणून पहिल्या हंगामात फुलोऱ्यापर्यंत सल्फेट पुरेसे तयार होईलच अशी खात्री देता येत नाही.

सामू उतरण्याच्या आश्वासनाचा हिशेब आता पाहू. दहा किलोच्या पिशवीत नऊ किलो गंधक असते. त्या सर्वाचे ऑक्सिडीकरण झाले असे धरले, तर एकरी साधारण साडेसत्तावीस किलो सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि ते सुमारे अठ्ठावीस किलो चुनखडीशी अभिक्रिया करून संपते. एक एकरातील पंधरा सेंटिमीटर थराची माती अंदाजे ९०० टन भरते. दहा टक्के मुक्त चुना म्हणजे एकरी ९० टन चुनखडी. नव्वद टनांपैकी अठ्ठावीस किलो संपल्याने सामू हलणार नाही, आणि तो हलला नाही यात गंधकाचा किंवा कास्तकाराचा काहीही दोष नाही. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत 'एकरी दहा किलोने सामू उतरतो' असे सांगणे हे रसायनशास्त्राच्या साध्या गणितातच बसत नाही, आणि हे विक्रेत्यांपर्यंत पोहोचणे मला अत्यंत गरजेचे वाटते, कारण कास्तकार त्यांच्या शब्दावर पैसे मोजतो.

चोपणपणाचा हिशेबही तसाच आहे. विनिमययोग्य सोडियम १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणायचा, तर ५० सेंटिमोल क्षमतेच्या या मातीत तो प्रति किलो ७ वरून ४ सेंटिमोलवर आला पाहिजे. म्हणजे ३ सेंटिमोल सोडियमच्या जागी कॅल्शियम बसला पाहिजे. एक सेंटिमोलसाठी एकरी सुमारे ७८० किलो शुद्ध जिप्सम लागते, तेव्हा तिघांसाठी सव्वादोन ते अडीच टन. नऊ किलो गंधकापासून चुनखडीच्या साहाय्याने जमिनीतच जिप्सम तयार होते हे खरे, परंतु ते होते अवघे ४८ किलो. गरज दोन टनांहून अधिक आणि पुरवठा पन्नास किलोंच्या आत, हे या प्रकरणाचे खरे निदान होते.

येथे एक प्रश्न कास्तकारानेच विचारला आणि तो योग्य होता. गंधकच जास्त टाकले तर? तत्त्वतः चालते. जमिनीत चुनखडी मुबलक असल्यामुळे तयार होणारे आम्ल तिच्यापासूनच कॅल्शियम मोकळा करील आणि बाहेरून कॅल्शियम आणावाच लागणार नाही. पण त्यासाठी एकरी सव्वाचारशे किलोंच्या आसपास गंधक लागेल, त्याचा खर्च जिप्समहून कितीतरी अधिक येईल, पूर्ण ऑक्सिडीकरणाला काही हंगाम जातील आणि एवढा ज्वलनशील माल घरात साठवावा लागेल. गंधकाची बारीक भुकटी हवेत उडाली असता ठिणगीने भडका घेते. ती चुलीजवळ, तसेच नायट्रेटयुक्त खतांना लागून कधीही ठेवू नये. म्हणून या वावरासाठी तो मार्ग आम्ही सोडून दिला.

पिवळ्या पानांचा वेगळा उलगडा

जमिनीच्या प्रश्नापासून पिकाच्या उपासमारीचा प्रश्न वेगळा काढणे आवश्यक होते. शेंड्याकडील पाने पिवळी पडतात तेव्हा आपल्या चुनखडीच्या जमिनीत पहिला संशय लोहावर जातो, आणि तो बहुतेकदा योग्यही असतो. लोहाच्या कमतरतेत पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. गंधकाच्या कमतरतेत शिरांसह संपूर्ण कोवळे पान एकसारखे फिकट होते. नत्राच्या कमतरतेत पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो, कारण झाड नत्र जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकते. गंधकाच्या बाबतीत ही हालचाल फारच मर्यादित असते. या कास्तकाराने मोबाईलवर काढलेली मागच्या खरिपाची छायाचित्रे मोठी करून पाहिली, तेव्हा शिराही फिकट दिसत होत्या.

प्रयोगशाळेचा आकडा त्याला दुजोरा देत होता. उपलब्ध गंधक मोजताना माती सौम्य कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात हलवून गाळतात आणि गाळलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइड घालतात. सल्फेट असेल तर बेरियम सल्फेटचा न विरघळणारा पांढरा साका तयार होऊन द्रावण धुरकट होते, आणि त्या धुरकटपणाच्या प्रमाणावरून गंधक मोजले जाते. १० मिलिग्रॅम प्रति किलोच्या खाली कमतरता समजतात. येथे ८ होते. कारणही समोरच होते. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असते, गंधक नसते. युरियातही नसते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. त्या प्रथिनांतील मेथिओनिन व सिस्टीन ही अमिनो आम्ले गंधकाशिवाय बनूच शकत नाहीत, त्यामुळे प्रत्येक हंगामात दाण्यांबरोबर गंधक वावराबाहेर जात होते आणि परत काहीच येत नव्हते. सेंद्रिय कर्बच कमी असल्याने जमिनीतील साठाही तोकडा होता.

यावर उपाय सोपा आणि स्वस्त होता. स्फुरदासाठी डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट. हे खत खनिज फॉस्फेटवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून बनवतात आणि त्या क्रियेत तयार होणारे कॅल्शियम सल्फेट खतातच राहते, म्हणून त्यात १६ टक्के स्फुरदाबरोबर ११ टक्के गंधक सल्फेटच्या रूपात, म्हणजे मुळांना तयार मिळते. एकरी पन्नास किलोंच्या तीन गोण्या दिल्या की २४ किलो स्फुरद आणि साडेसोळा किलो गंधक जाते. नत्राची तूट थोड्या युरियाने भरून काढता येते. गोण्या उचलण्याचा त्रास डीएपीपेक्षा अधिक होतो आणि अनेक कास्तकार त्याच कारणासाठी हे खत टाळतात, ही अडचण खरी आहे. ज्यांना ते शक्य नसेल त्यांच्यासाठी १३ टक्के गंधक असलेले २०:२०:०:१३ हे मिश्रखत किंवा २३ टक्क्यांच्या आसपास गंधक असलेले अमोनियम सल्फेट हे पर्याय आहेत. बेंटोनाइट गंधकाची दहा किलोची मात्रा पोषणाच्या दृष्टीने चुकीची नव्हतीच. एकरी आठ ते बारा किलो गंधक ही सोयाबीनची गरज आहे आणि ती पिशवी तिच्या आसपास पोहोचते. ती उशिरा कामी येते आणि तिच्यावर जमीन सुधारण्याचे जे ओझे टाकले गेले ते तिचे नव्हते, एवढेच. सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांतही जिप्सम नव्वद किलोंच्या पुढे जात नाही, तेव्हा त्यानेही चोपणपणा हटणार नाही, हे कास्तकाराला स्पष्ट सांगितले.

याच संदर्भात फवारणीच्या गंधकाचाही विषय निघाला, कारण त्यांच्या घरी मुगावरील भुरीसाठी आणलेले ८० टक्के पाण्यात मिसळणारे गंधक शिल्लक होते आणि ते सोयाबीनवर फवारले तर पिवळेपणा जाईल का, असे त्यांनी विचारले. दहा लिटर पाण्यात २५ ग्रॅम या मात्रेने एकरी दोनशे लिटर द्रावण फवारले तर जेमतेम ४०० ग्रॅम गंधक पडते. भुरीच्या बुरशीसाठी आणि कोळी या किडीसाठी ते पुरेसे विषारी ठरते, पिकाच्या पोटासाठी नाही. तापमान ३२ अंशांच्या वर असताना फवारले तर पाने करपतात. तेलयुक्त औषधांबरोबर किंवा त्यांच्या आगेमागे तर ते मुळीच वापरू नये.

जिप्सम, पाऊस आणि वाहून जाणारा सोडियम

जमिनीसाठी एकरी एक टन जिप्सम पहिल्या उन्हाळ्यात आणि एक टन दुसऱ्या उन्हाळ्यात असा बेत ठरला. एकदम अडीच टन देण्याची त्यांची आर्थिक ताकद नव्हती, आणि विद्राव्यतेच्या दृष्टीनेही विभागून देणेच योग्य होते. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. एकरी एक टन म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २५० ग्रॅम, आणि तेवढे विरघळायला किमान १०० मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरावा लागतो. आधी जमीन वखरून ढेकळे फोडली, भुकटी एकसारखी पसरली आणि मग पुन्हा हलका वखर फिरवून ती वरच्या दहा-बारा सेंटिमीटरमध्ये मिसळली. खोल नांगराने ती पुरली असती तर वरच्या थराला तिचा उपयोगच झाला नसता.

जमिनीत कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि मोकळा झालेला सोडियम सल्फेटबरोबर विद्राव्य सोडियम सल्फेट म्हणून पाण्यात येतो. सोडियम कार्बोनेटचेही असेच रूपांतर होऊन कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते आणि सामू उतरतो. येथे सामू उतरतो तो आम्लाने नव्हे, तर कार्बोनेट निकामी झाल्याने आणि सोडियम निघून गेल्याने. परंतु हे सोडियम सल्फेट निचऱ्याच्या पाण्याबरोबर खाली किंवा वावराबाहेर गेले नाही, तर उन्हाळ्यात पाणी वर चढताना तोच सोडियम परत येतो. निचऱ्याविना जिप्सम म्हणजे अर्धवट उपचार. म्हणून रुंद वरंबा सरीवर पेरणी करायची आणि सऱ्यांचे पाणी धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेने नाल्याकडे काढायचे, असे सुचवले.

चारपैकी तीन एकरांत हे पाळले गेले. उताराच्या टोकाला असलेल्या उरलेल्या एकरात चर खणायचे राहून गेले, कारण शेजारच्या धुऱ्यावरून पाणी काढण्यास संमती मिळत नव्हती. त्या वर्षी भाद्रपदात लांबलेल्या पावसानंतर तेथे गेलो, तेव्हा बोटभर खाली माती निळसर काळी झाली होती आणि ढेकूळ उकरताच कुजक्या अंड्यासारखा वास आला. साचलेल्या पाण्याखाली प्राणवायू संपला की दुसरे जिवाणू सल्फेटमधील प्राणवायू वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याचा काही भाग लोहाशी जुळून काळे आयर्न सल्फाइड बनते. गंधकाचा प्रवास येथे उलट्या दिशेने झाला होता, आणि मुळे त्या विषारी वायूत गुदमरत होती. तेथील सोयाबीनची मुळे तपकिरी पडलेली होती आणि त्यांवरच्या नत्र बांधणाऱ्या गाठी जवळपास नव्हत्याच.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर पुन्हा माती तपासली. वरच्या तीन एकरांत विनिमययोग्य सोडियम १४ वरून ११ टक्क्यांवर आणि सामू ८.४ वर आला. दोन टन जिप्समकडून यापेक्षा थोडी अधिक घट अपेक्षित धरता आली असती, पण बाजारात मिळालेल्या मालाची शुद्धता ७५ टक्क्यांच्या आसपास होती आणि काही कॅल्शियम सोडियमऐवजी मॅग्नेशियमला हटवण्यातही खर्च होतो, त्यामुळे हा निकाल मला समाधानकारक वाटतो. सोयाबीनची कोवळी पाने सुपर फॉस्फेटच्या पहिल्याच हंगामात हिरवी राहिली होती. हरभऱ्याची पेरणी मात्र दुसऱ्या वर्षीच वेळेवर झाली, कारण वाफशाचा काळ तेव्हाच लांबला. पोषणाचा परिणाम आधी आणि जमिनीचा नंतर, हा क्रम या प्रकरणात स्वच्छ दिसला.

सिंचनाबाबत कास्तकाराचा आग्रह विहिरीच्या पाण्याचा होता. त्या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट दोन्ही जास्त असल्याचे पाणी परीक्षणात आले. ते पाणी हरभऱ्याला देणे म्हणजे जिप्समने काढलेला सोडियम पुन्हा विकत आणणे. दोन संरक्षक पाण्यांपुरते पाणी आता वावरातच खणलेल्या शेततळ्यातून दिले जाते, आणि पावसाचे ते पाणी जिप्समच्या कामालाही पूरक ठरते.

खालच्या एकरात दुसऱ्या वर्षाचे जिप्सम टाकलेलेच नाही, ती सगळी पोती घरी रचून ठेवली आहेत. शेजाऱ्याशी बोलणे झाले आहे आणि चराची आखणी धुऱ्याच्या कडेने ठरली आहे. चर वाहता झाला की तेथील पंधरा ते तीस सेंटिमीटर थराचाही नमुना घेऊन विनिमययोग्य सोडियम मोजला जाईल, आणि त्या आकड्यावरून राहिलेली मात्रा एकरी एक टन ठेवायची की दीड टन करायची हे ठरेल.